आभाराचा फ्लेक्स आधी लागला

२ मार्च, रविवार

आज मी अध्यक्ष झाले. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी खुर्चीला माझं नाव लागलं, म्हणून ही दैनंदिनी बाहेर काढली. पतसंस्थेची भेट. जानेवारी-फेब्रुवारीत माझ्या मुलाने, धवलने, आमच्या दुकानातल्या घोंगड्यांची मापं लिहून ठेवली आहेत, पण मार्च कोरा आहे.

झालं असं की साताऱ्याला हिमोफिलियावाल्या घरांचा मेळावा होता. तालुक्या-तालुक्याला शाखा काढायचं ठरलं. माण तालुक्यातून कोण पुढे येणार, असं विचारल्यावर मी हात वर केला, धवल 'अनुमोदन' म्हणाला आणि टाळ्या पडल्या. माण तालुक्यातून आलो होतो आम्ही दोघंच, हे खरं. पण बिनविरोध ते बिनविरोध.

मग पेढे, मग माझा सत्कार. हातात माइक आला आणि माझी जीभ घसरली. म्हटलं, सतरा एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिन आहे, त्या दिवशी म्हसवडच्या सरकारी दवाखान्याच्या फ्रीजमध्ये फॅक्टर असेल. टाळ्या इतक्या पडल्या की मागे घ्यायची सोय राहिली नाही.

धवल चोवीस वर्षांचा आहे. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या अंगात जवळपास नाहीच, त्यालाच फॅक्टर म्हणतात. गुडघ्यात, कोपरात आतल्या आत रक्त साकळतं आणि सांधा फुगतो. फॅक्टरची सुई वेळेत मिळाली तर थांबतं. सुई मिळते साताऱ्याला. म्हसवडहून तिथे पोचेपर्यंत गुडघ्याचा दगड झालेला असतो. लहान असताना तो तिथे रडायचा, तेव्हा मी दोन तळव्यांत बाटली हळूहळू फिरवत औषध मिसळायची आणि म्हणायची, हात सैल सोड, मुंगी चावेल एवढंच. आता तो माझ्याहून हातभर उंच आहे, तरी माझं वाक्य तेच.

परत येताना ह्यांच्याच गाडीत बसलो. आमचे हे, हिंदुराव, रहिमतपूरमार्गे जाणाऱ्या म्हसवड-सातारा एसटीवर वाहक आहेत. तिकीट काढताना मी हळूच विचारलं, अध्यक्षांनाही तिकीट लागतं का. चेहरा न बदलता म्हणाले, "अर्धं लागतं. सगळ्याच बायकास्नी."

दाढ ठणकतेय. बघू नंतर.

९ मार्च, रविवार

काल महिला दिनाला माझं भाषण झालं. हॉल भरला होता, कारण नंतर साडीची सोडत होती. मी सोप्या भाषेत समजावलं: हा आजार बाप्यांना होतो, बायकांना होत नाही. बायका तो फक्त पुढे देतात, म्हणून त्यांना वाहक म्हणतात. मी वाहक आहे. मागून कोणीतरी ओरडलं, वाहक तर तुमचे मालक हायेत. मी म्हटलं, आमच्या घरात दोघंही वाहकच, फक्त मला पगार नाही. असा हशा पिकला की काय सांगू. वक्तृत्व माझ्यात कुठे लपलं होतं देव जाणे.

उतरताना टेबलाचा कोपरा मांडीला लागला. आज तिथे भाकरीएवढं काळंनिळं झालंय. आमच्या माहेरी सगळ्या बायकांचं असंच, नुसतं बोट लागलं तरी वांगं उमटतं. ह्यांनी पाहिलं आणि दाखवून ये म्हणाले. आता माझं काय दाखवायचं? घरात पेशंट एक आहे तेवढा पुरे.

१६ मार्च, रविवार

मोहीम जोरात आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टर अनंत यांना भेटले. दवाखान्याचा कारभार त्यांच्याकडे असतो. ते म्हणाले की फ्रीज आहे, सुई देणारे हात आहेत, आपल्याला शिकायचीही हौस आहे, पण वरून मंजुरी आल्याशिवाय फॅक्टर इथे येत नाही. वर म्हणजे कुठे, असं विचारलं तर त्यांनी पंख्याकडे पाहिलं.

मग जोतिबाअण्णांकडे गेले. अण्णा दवाखान्याच्या समितीवर आहेत आणि गावातल्या बाकीच्याही सगळ्या समित्यांवर आहेत. त्यांनी चहा पाजला, धवलची चौकशी केली, मला मधेच थांबवलं आणि म्हणाले, "वैनी, झालंच समजा."

झालंच. मी उड्या मारायचीच बाकी होते. घरी येऊन शिरा केला. ह्यांनी शिरा खाल्ला आणि म्हणाले की अण्णांनी बसस्टँडच्या संडासाचंही 'झालंच समजा' म्हटलं होतं, त्याला आता पाच उन्हाळे झाले. ह्या माणसाला आनंद म्हणून पचत नाही.

२३ मार्च, रविवार

रहिमतपूरला जाऊन आले. बहिणीच्या मुलीचं, मयूरीचं डोहाळेजेवण. हिरवी साडी, फुलांचे दागिने, पोरगी काय दिसत होती. ओटी भरताना तिचा घोळणा फुटला आणि थेट साडीवर थेंब. मी नाक धरून बसवलं. बराच वेळ थांबेना, तोवर बायकांच्या गप्पा रंगल्या. माझी बहीण म्हणाली, आमच्याकडे सगळ्या अशाच, महिन्याची अडचण आली की आठ-आठ दिवस अंथरुणाला पाठ. मी म्हटलं, धवलच्या वेळेला मी सव्वा महिना नुसती वाहत होते, दाईने हात टेकले होते. सगळ्या हसलो. भिंतीवर पारूमावशीचा फोटो होता. आईची धाकटी बहीण, पहिल्याच बाळंतपणात गेली. रक्त पातळ आमचं, दुसरं काय.

मयूरीने विचारलं, मावशी, मला धवलदादासारखं काही नाही ना? मी अध्यक्ष म्हणून तिची समजूत घातली की बायकांना होत नाही. मुलगा झाला तर त्याची तपासणी करू, तू निश्चिंत राहा. तिचा चेहरा खुलला. एका वाक्यात माणसाला धीर देता येतो, ह्याचं मला फार बरं वाटलं.

पुरणपोळी डाव्या बाजूने खाल्ली. उजवी दाढ आता बोलायला लागलीये.

२७ मार्च, गुरुवार

फ्लेक्स! आभार मानायचे तर फ्लेक्स हवाच. राजरत्नकडे गेले, तालुक्यात त्याच्यासारखं प्रिंटिंग कोणाचं नाही. तो म्हणाला, "काकू, चौदा एप्रिल तोंडावर हाय. जयंतीचे फ्लेक्स सुरू झाले की मशीन माझ्या बापाचंबी ऐकत न्हाई. काढायचा तर आत्ता काढून ठेवा." धम्मवर्गाची पोरं त्याच्याकडे रांगेत बसली होती. बाबासाहेबांच्या वीस फुटी फोटोपुढे माझा आभाराचा फ्लेक्स मागेच पडणार, आणि पडावाही. मग आत्ताच काढला.

मजकूर माझाच: 'आभार! आभार! आभार! म्हसवडच्या दवाखान्यात हिमोफिलियाचं फॅक्टर उपलब्ध करून दिल्याबद्दल मा. जोतिबाअण्णा यांचे जाहीर आभार.' अण्णांचा गॉगलवाला फोटो मोठा. खाली डॉक्टरांचा, कोपऱ्यात माझा. धवल म्हणाला, आई, मंजुरी कुठे आलीये? मी म्हटलं, गुंडाळून ठेवायचाय रे, सतरालाच लावायचा. तो हसत सुटला. हसताना तो अगदी ह्यांच्यावर जातो, मात्र हे हसत नाहीत म्हणून कोणाला कळत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

साताऱ्याला धवलची तपासणी. तिथल्या सिस्टर अश्लेषा म्हणजे हसरी पोरगी, पण हट्टी. तिने सतरा तारखेची नवी पोस्टरं दिली. ह्या वर्षीचा जगाचा विषय म्हणे, बायका-मुलींनाही रक्तस्राव होतो. मी म्हटलं, ही मोठ्या शहरांतली नवी टूम दिसते. होतो म्हणजे काय, दर महिन्याला होतोच की. ती हसली नाही. तुमचं रक्त कधी तपासलंय का म्हणाली. मी म्हटलं, मी वाहक आहे, ते आम्हाला चोवीस वर्षांपासून माहीत आहे. ती म्हणाली, वाहक आहात ते माहीत आहे हो, पण तुमच्यात फॅक्टर किती आहे ते माहीत आहे का?

मी देणार नव्हते. पण पोस्टरबरोबर लावायला कार्यकर्तीचा तपासणी करतानाचा फोटो हवा होता, आणि मी नेमकी जांभळी साडी नेसले होते. फोटो छान आलाय. सुईच्या जागी कोपरापर्यंत निळं झालंय, पण पदरात झाकलं जातं.

१० एप्रिल, गुरुवार

मेले मी.

सकाळी दूधवाला म्हणाला, अभिनंदन. मग शेजारीण. मग फोनवर फोन. मला वाटलं, मंजुरी आली. चप्पल न घालता धावत स्टँडच्या चौकात गेले, तर तिथे निळ्या झेंड्यांच्या मधोमध माझा आभाराचा फ्लेक्स. राजरत्नची पोरं काल रात्री जयंतीचे फ्लेक्स लावायला निघाली आणि दुकानात गुंडाळून ठेवलेलं जे जे दिसलं ते सगळं लावून आली. अण्णा गॉगल घालून सगळ्या चौकाकडे बघताहेत. राजरत्न कान धरून उभा. त्याला काय बोलणार, काढून ठेवायला मीच दिला होता.

उतरवा म्हटलं तर शिडी वडूजला गेलेली. तेवढ्यात जे झालं ते लिहिताना अजून कसंतरी होतंय. कुकुडवाडच्या बाजूचा एक मेंढपाळ, गुंडा नाव, फ्लेक्सचा फोटो कोणाच्या तरी मोबाइलवर बघून आला होता. गुडघा भोपळ्याएवढा. काठी टेकत दवाखान्यात गेला, तिथून त्याला माझ्या दुकानात पाठवलं. म्हणाला, "आक्का, बोर्डावर तुमचा फोटु हाय. ती सुई द्या की."

दुकानात सुई नव्हती. घोंगड्या होत्या. त्यातल्याच एकीवर त्याला बसवलं आणि खाली मान घालून सांगितलं की अजून आलं नाही. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. आल्यावर सांगा म्हणाला, आणि उठायला लागला.

ह्यांनी त्याला उठू दिलं नाही. तीन तारखेला साताऱ्याहून धवलसाठी राखीव म्हणून दिलेली एकच सुई घरी होती. धवलने सातारच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तपासल्याशिवाय कोणाला देऊ नका, लगेच इकडे आणा. मग ह्यांनी त्याला आपल्या गाडीत, दारालगतच्या वाहकाच्या सीटवर बसवलं, पाय लांब ठेवता यावा म्हणून, आणि स्वतः साताऱ्यापर्यंत उभे राहिले. आत्ता फोन आला, सुई मिळाली, सूज उतरतेय.

मी अध्यक्षपदाचा राजीनामा द्यायचं ठरवलंय. पण द्यायचा कोणाला? शाखेत मीच आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

सकाळी अण्णांच्या पाया पडायला गेले. वाटलं, आता हाकलून देणार. तर अंगणात खुर्च्या मांडलेल्या, माणसं हार घेऊन बसलेली, अण्णांच्या गळ्यात तीन हार. कालपासून अख्खा तालुका त्यांचं अभिनंदन करतोय. मला बघून त्यांनी आत नेलं, दार लावलं आणि घाम पुसला. मी म्हटलं, अण्णा, चुकून लागला, आजच उतरवते.

"उतरवायचा न्हाई," अण्णा म्हणाले. "माझा फोटु हाय त्यावर. लागलेला फोटु खाली आला तर गाव काय म्हणंल?"

आणि फोन उचलला. एक, दोन, पाच फोन. सगळ्यांना एकच सांगत होते, अहो इथं आभार मानून झाल्यात, आता माल पाठवा. शेवटी फोन ठेवून म्हणाले, "वैनी, झालं." ह्या वेळी 'समजा' म्हणाले नाहीत.

मी बाहेर येऊन स्टँडवर नाचले नाही एवढंच. चौकात मान वर करून फ्लेक्सला नमस्कार केला. शेजारच्या फ्लेक्सवरचे बाबासाहेबही समोर होते, त्यांनाही केला. त्यांच्या जयंतीची घाई नसती तर माझा फ्लेक्स अजून राजरत्नच्या कपाटात असता.

१५ एप्रिल, मंगळवार

आलं! बर्फाच्या पेटीतून बाटल्या आल्या. डॉक्टर अनंत साताऱ्याला जाऊन शिकून आले, त्यांच्या दोन सिस्टरही. फ्रीज पुसून घेतला, त्याला झेंडूची माळ घातली आणि दाराला आडवी लाल फीत बांधली. फीत सतराला अण्णा कापणार. धवल फ्रीजपुढे कितीतरी वेळ नुसता उभा होता. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, आता मी म्हसवडमध्ये कुठेही पडू शकतो. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर ठसका लागला.

भाषण पाठ चाललंय. एकच अडचण. उजवा गाल पुरीसारखा टम्म फुगलाय. असा फोटो पेपरात आला तर?

१६ एप्रिल, बुधवार

काढून टाकली. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, काही आजार? मी म्हटलं, मला काही नाही, मुलाला आहे. भूल दिली, खटकन आली. कापूस दाबून धरायला सांगितलाय, तासाभरात थांबेल म्हणाले. उद्यापर्यंत गाल उतरेल.

तिसरा कापूस बदलला. हे दारात येऊन उभे आहेत आणि माझ्याकडे बघताहेत. मला त्यांच्या त्या बघण्याचा राग येतो.

१८ एप्रिल, शुक्रवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, तोंडात बोळा आहे, पण हात मोकळा आहे. उजवा. तो लिहितोय आणि डाव्याला पट्टी आहे.

रक्त थांबलंच नाही. सकाळपर्यंत उशी, टॉवेल, दोन साड्या झाल्या. कार्यक्रमासाठी ठेवलेली मोरपंखी साडी बाजूला राहिली आणि हे मला गाऊनवरच दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर मांडव, खुर्च्या, 'अध्यक्षांचे मनोगत' लिहिलेला फळा. आणि अध्यक्ष मागच्या दाराने स्ट्रेचरवर. डॉक्टर अनंत यांचा चेहरा उतरलेला. तेवढ्यात सातारची गाडी आली, सिस्टर अश्लेषा उतरली. पर्समध्ये माझा रिपोर्ट होता. कार्यक्रम झाल्यावर सांगणार होती म्हणे, माझा दिवस खराब होऊ नये म्हणून.

माझ्यातही फॅक्टर कमी आहे. धवलइतकं कमी नाही, पण असायला हवं त्याच्यापेक्षा फार कमी. मी आजार नुसता पुढे दिलेला नाही, मला तो आहेसुद्धा. म्हणजे मांडीवरचं ते वांगं, सव्वा महिना वाहणं, सगळं तेच. पारूमावशीही.

साताऱ्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, फॅक्टर द्यायचं ठरलं. कंपाउंडर फ्रीजपुढे जाऊन घुटमळला. फीत अजून बांधलेली होती. म्हणाला, अण्णा यायचे हायेत. मग मी जे पाहिलं ते चोवीस-पंचवीस वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं. पॅसेंजरवर कधी आवाज न चढवणारा माझा नवरा पुढे गेला आणि ती फीत झेंडूच्या माळेसकट हाताने ओढून काढली. "ही गाडी कुनासाठी थांबत न्हाई," म्हणाले.

म्हसवडच्या फ्रीजमधली पहिली बाटली मला लागली. धवलने ती तळव्यांत फिरवली, हळूहळू, न हलवता, अगदी माझ्यासारखी. सिस्टरने सुई धरली. धवल माझ्या उशाशी वाकून म्हणाला, "आई, हात सैल सोड. मुंगी चावेल एवढंच."

मुंगी कसली. चांगली दुखते. आणि हे पोरगं चोवीस वर्षं माझ्या शब्दाला मान देऊन गप्प बसलं.

बाहेर अण्णा आले. तुटलेली फीत बघून त्यांनी नवी बांधायला लावली आणि ती कापली. माझ्या जागी गुंडा बोलायला उठला. काठी खुर्चीला टेकवून ठेवली, माइकपर्यंत चालत गेला, माइककडे बघितलं आणि परत चालत जागेवर येऊन बसला. सगळ्यांत जास्त टाळ्या त्यालाच पडल्या. मला खिडकीतून दिसलं.

आज सकाळी रक्त पूर्ण थांबलं. पहिलं काम म्हणून रहिमतपूरला फोन लावला. मयूरीला म्हटलं, उद्याच साताऱ्याला ये, तुझं रक्त तपासायचं, आणि बाळंतपण कुठे करायचं ते तिथले डॉक्टर ठरवतील. तोंडातल्या बोळ्यामुळे तिला निम्मं कळलं. ती हसायला लागली आणि म्हणाली, "मावशी, बायकांना होत नाही. तूच तर सांगितलंस."

मी बोळा काढला. दुखत होतं, तरी प्रत्येक शब्द नीट म्हटला.

"होतो. मला झालाय. काका गाडी घेऊन येतील, दारालगतची सीट तुझी."